अग्नीचा अंमल कोठवर?

समुद्रातील माशांत पारा, शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक सापडल्याची वार्ता अधूनमधून वर्तमानपत्रांतून झळकते, आणि ती झळकली की मत्स्याहारी घरांतून तिच्यावर जो निकाल दिला जातो तो बहुधा एकच असतो : मासे तीनचार पाण्यांनी स्वच्छ धुवावेत, हळद-मीठ लावून ठेवावेत, कोकमात किंवा चिंचेत चांगले मुरू द्यावेत आणि नीट शिजवून खावेत, म्हणजे काळजीचे कारण राहत नाही. हा निकाल देणाऱ्यांना अडाणी म्हणून हिणवण्याची माझी इच्छा नाही. हजारो वर्षांच्या अनुभवाने माणसाला जे शिकवले त्याचेच ते सार आहे. कच्च्या अन्नातील नाना प्रकारची विघ्ने चुलीवर चढताच नाहीशी होतात हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, आणि जी गोष्ट इतका काळ खरी ठरली ती याही वेळी खरी ठरेल असे मानणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु अग्नीच्या अंमलालाही हद्द असते, आणि पारा हा त्या हद्दीपलीकडचा रहिवासी आहे. ही हद्द नेमकी कोठून जाते याची चौकशी करावी, आणि तिच्यापलीकडच्या कारभाराचा जाब कोणाला विचारावा हे सांगावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अग्नीचे श्रेय अग्नीला प्रथम द्यावे. माशांच्या मांसात दडलेले कृमी आणि त्यांना नासवणारे सूक्ष्मजंतू पुरेशा उष्णतेने मरतात, प्रथिनांची घट्ट वीण सैल होऊन ती पाचकरसांच्या स्वाधीन होतात, आणि कित्येक माशांच्या शरीरात ‘ब-१’ या जीवनसत्त्वाचा नाश करणारे थायामिनेज नावाचे जे विकर असते तेही निष्प्रभ होते. या शेवटच्या गोष्टीची परीक्षा १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अनपेक्षितपणे झाली. तेथे कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांना स्वस्त खाद्य म्हणून गोड्या पाण्यातले कच्चे मासे घालण्यात येत, आणि ते कोल्हे अंग लुळे पडून मरू लागले. शोधाअंती निघाले ते असे की, कच्च्या माशांतील हे विकर त्यांच्या आहारातले थायामिन फस्त करीत होते, आणि तेच मासे शिजवून दिले असता रोगाचा मागमूस राहत नव्हता. शत्रू सजीव असो अथवा सजीवाने घडवलेला नाजूक रेणू असो, तेथे अग्नीची मुखत्यारी बहुतांशी निर्विवाद आहे.

बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, या प्रांतातही एक बंडखोर आहे. बांगडा, तारली, कुपा या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल विपुल असते. मासा बर्फावाचून उन्हात पडून राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन तयार करतात, आणि असा मासा खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे, उलट्या होणे असा प्रकार घडतो. जंतू चुलीवर मरतात. त्यांनी मागे ठेवलेले हिस्टामिन मात्र उकळूनही आणि तळूनही जसेच्या तसे राहते. अर्थात बांगड्याच्या बाबतीत घरातल्या चुलीपेक्षा होडीवरचा बर्फ अधिक महत्त्वाचा ठरतो. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी येईपर्यंत माशाचे भवितव्य पुष्कळसे ठरून गेलेले असते, ही गोष्ट पुढे पाऱ्याच्या प्रकरणात अधिक तीव्रतेने प्रत्ययास येईल.

पोषणद्रव्यांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या पाकपरंपरेचे कौतुक करण्यासारखे बरेच आहे. मासा पाण्यात शिजवला की ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे, पोटॅशियम आणि टॉरिन यांचा काही अंश पाण्यात उतरतो, आणि ते पाणी ओतून दिले तर त्यांच्यासह जातो. परंतु कालवण करणाऱ्या घरात ते पाणी ओतून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो रस भातावर घेणे हाच जेवणाचा मुख्य भाग असतो. तेव्हा उष्णतेने जे नष्ट होईल तेवढेच गेले, पाण्यात उतरलेले सगळे पुन्हा पानात आले. कोकमाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने काट्यांतील कॅल्शियमही अल्पस्वल्प रसात येते. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली जाते, आणि तारली कुकरमध्ये शिजवली की तिचे काटे इतके मऊ होतात की लहान मुलेही ती निर्धास्त खातात. दुधाचे भाव ज्यांना झेपत नाहीत अशा घरांना कॅल्शियमची ही तजवीज फार मोलाची आहे. आरोग्याच्या नव्या वाऱ्याने अलीकडे शहरांतून उकडलेल्या, पाणी निथळून काढलेल्या, बेचव माशाच्या फोडीला जी प्रतिष्ठा लाभू लागली आहे तिच्यापेक्षा आजीच्या हातचे पातळ कालवण पोषणाच्या दृष्टीनेही सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळण्याच्या बाबतीत मात्र आपल्या अभिरुचीला थोडा आवर घालावा लागेल. कढईत मासा आणि तेल यांच्यात स्निग्धांशाची देवघेव चालते. बोंबलासारखा मासा मुळात पाणीदार, त्याच्यात नऊदशांशाच्या आसपास पाणीच, स्वतःची चरबी नाममात्र. तो तळताना पाणी सोडतो आणि तेल शोषतो. तारलीसारखा चरबीयुक्त मासा आपल्या चरबीतले काही कढईला देऊन तिच्याकडचे वनस्पतिजन्य तेल घेतो, आणि ज्या ओमेगा-३ मेदाम्लांसाठी डॉक्टर तो खायला सांगतात त्यांचे प्रमाण या व्यवहारात उतरते. अमेरिकेत साल्मन माशावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात भट्टीत भाजलेल्या माशातले ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ सर्व टिकले, तर तेलात तळलेल्यातले सुमारे निम्मे गेले. म्हणून तव्यावर थोड्या तेलात परतलेला, केळीच्या पानात वाफवलेला किंवा कालवणात सोडलेला मासा, आणि कढईत बुडवून काढलेला मासा, हे पोषणाच्या खात्यात एकाच रकान्यात मांडता येत नाहीत. शिवाय खाणावळीतल्या कढईत ते तेल कितव्यांदा तापले आहे हे ईश्वरालाच ठाऊक. २०१८ सालापासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर शेकडा २५ अशी मर्यादा कायद्याने घातली असली, तरी रवा लावलेल्या सुरमईच्या ताटासमोर बसून या कायद्याची अंमलबजावणी विचारणारा ग्राहक माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता हद्द ओलांडून पाऱ्याकडे वळू. कोळशाच्या धुरातून, सोन्याच्या लहान खाणींतून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि काही प्रमाणात ज्वालामुखींतूनही पारा पाण्यात येतो. खाडीच्या आणि समुद्राच्या तळाशी, जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा चिखलात, काही जंतू त्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. तो सूक्ष्म प्लवकांत शिरतो, प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा वाढत जाते, कारण खाणारा जीव अन्न पचवून खर्च करतो पण पारा फार सावकाश बाहेर टाकतो. मोठ्या शिकारी माशाच्या मांसातला बहुतेक सर्व पारा या मिथिल रूपातच असतो. तो तेथे चरबीत विरघळून राहत नाही. स्नायूंच्या प्रथिनांत सिस्टिन नावाच्या अमिनो आम्लाच्या गंधकाशी त्याची घट्ट गाठ बांधलेली असते. पीसीबीसारखी काही औद्योगिक विषे चरबीत साठतात, म्हणून कातडी काढून, चरबी छाटून, निखाऱ्यावर ठिबकू देऊन त्यांचा काही अंश कमी करता येतो. पाऱ्यावर यांतला एकही उपाय लागू पडत नाही. थर्मामीटरमधला चकाकणारा पारा तापवला की त्याची वाफ होते हे शाळेत शिकलेला मनुष्य माशातला पाराही कढईतून उडून जाईल अशी आशा करतो, परंतु प्रथिनाशी जखडलेला मिथिल-पारा हा निराळाच पदार्थ आहे आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने ती गाठ सुटत नाही.

येथे एक साधा हिशेब मांडतो. समजा, २०० ग्रॅम वजनाची कच्ची फोड आहे आणि तिच्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पारा आहे. म्हणजे फोडीत एकूण ६० मायक्रोग्रॅम पारा झाला. तळल्यावर पाणी जाऊन फोडीचे वजन १५० ग्रॅम राहिले. पारा तितकाच, ६० मायक्रोग्रॅम. परंतु आता त्याचे प्रमाण किलोमागे ०.४ मिलिग्रॅम झाले. चुलीवर रस्सा आटला की तो खारट लागतो, पण म्हणून मीठ वाढलेले नसते, तसाच हा प्रकार आहे. यातून दोन परस्परविरुद्ध भ्रम निर्माण होतात. तळलेल्या माशाचा नमुना तपासून कोणी ‘तळल्याने पारा वाढतो’ अशी आवई उठवतो, आणि शिजवल्याने दोष जातात अशी श्रद्धा असलेला गृहस्थ निर्धास्त राहतो. खरे पाहता पानात आलेला पारा बाजारातून आणलेल्या फोडीइतकाच असतो, कमीही नाही आणि अधिकही नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथिल-पाऱ्याची साप्ताहिक सह्य मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. त्यांपैकी ६० वरच्या एका फोडीनेच संपवले, मग ती तळा, उकडा किंवा निखाऱ्यावर भाजा.

धुण्याने आणि मुरवण्याने विष निघते ही समजूत कोठून आली असावी याचा शोध घेऊ गेल्यास मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, उदाहरण डोळ्यांसमोर येते. मोरीच्या मांसात युरिया असतो, त्याचा अमोनिया होऊन उग्र दर्प येतो, आणि तो घालवण्यासाठी मोरी वारंवार धुऊन, आंबट लावून ठेवण्याचा शिरस्ता आहे. युरिया पाण्यात विरघळणारा असल्यामुळे हा उपाय खरोखरच गुणकारी ठरतो : दर्प जातो, आणि दर्पाबरोबर मनातली शंकाही जाते. वस्तुतः पारा जागचा हललेला नसतो. डोळ्यांना आणि नाकाला कळणारा दोष गेला की न कळणाराही गेला, या तर्काची भयंकर किंमत इराकने १९७१-७२ च्या हिवाळ्यात मोजली. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून आलेले गव्हाचे आणि जवाचे बियाणे मिथिल-पाऱ्याच्या बुरशीनाशकाने माखलेले होते आणि धोक्याची खूण म्हणून त्याला तांबडा रंग दिलेला होता. गोण्यांवरच्या सूचना तेथील शेतकऱ्यांना अपरिचित भाषांत होत्या. कित्येकांनी धान्य धुतले, रंग निघून गेला, विषही गेले असे समजून त्याच्या भाकऱ्या भाजल्या. सहा हजारांहून अधिक माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. पाणी आणि अग्नी या दोघांनाही तेथे वाव मिळाला होता.

पारा काढण्याची शास्त्रीय खटपट चालू नाही असे नाही. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली असे दाखवले की, कुपा माशाचे मांस सिस्टिन मिसळलेल्या द्रावणात ठेवले असता त्यातला २५ ते ३५ टक्के पारा द्रावणात उतरतो. ज्या गंधकाच्या ओढीने पारा प्रथिनाला चिकटला, त्याच ओढीने त्याला बाहेर खेचण्याची ही युक्ती आहे. ती डबाबंद माशांच्या कारखान्यांना उद्या उपयोगी पडेल. परंतु मुद्दाम योजलेल्या द्रावणाला जेथे एवढाच भाग काढता आला, तेथे अर्ध्या तासाच्या कोकमाच्या आगळाकडून किती अपेक्षा करावी हे वाचकांनीच ठरवावे. आणखी एक कैफियत कानांवर येते ती अशी की, शिजवलेल्या माशातला पारा आतड्यांतून कमी शोषला जातो. काचपात्रातील कृत्रिम पचनाच्या प्रयोगांत तसे काही दिसले आहे खरे, पण काचपात्र म्हणजे जठर आणि आतडी नव्हेत, आणि अशा प्रयोगांच्या भरवशावर गर्भवती स्त्रीला सल्ला देणारा वैद्य धाडसी म्हणावा लागेल.

सर्व धातू मात्र पाऱ्यासारखे हटवादी नसतात. कॅडमियम मुख्यतः माशांच्या आणि शिंपल्यांच्या आतल्या अवयवांत साठते; माकुलाची आतडी काढून टाकली की त्याचा मोठा वाटा तेथेच गेला, आणि ही सफाई सुरीची, चुलीची नव्हे. खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी गर चवीला अप्रतिम असला तरी कॅडमियमचे कोठार तोच असतो. खेकडा उकळला की त्यातले काही पाण्यात उतरते, म्हणजे ज्या रशाची थोरवी मी आताच गायिली त्याच रशात ते येऊन बसते. खेकड्याच्या रशाचा भक्त म्हणून मला हे लिहिताना आनंद होत नाही, परंतु वर्षातून चारदोनदा होणाऱ्या मेजवानीने कोणाचे मूत्रपिंड बिघडत नाही, एवढा दिलासा देता येतो. आर्सेनिकची गोष्ट उलट आहे. सागरी माशांतले बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेन नावाच्या सेंद्रिय रूपात असते आणि ते निरुपद्रवी समजले जाते. विषारी ते असेंद्रिय आर्सेनिक, आणि त्याचा अंश माशांत अल्प असतो. एकूण आर्सेनिकचा आकडा छापून हाकाटी करणाऱ्या बातम्या हा भेद न सांगता लोकांना उगाच घाबरवतात.

अग्नी धातू काढू शकत नसला तरी स्वयंपाकघर धातूची भर घालू शकते, ही बाब दुर्लक्षित राहिली आहे. चिंच-कोकमाचे आंबट कालवण ज्या भांड्यात तासभर उकळते त्या भांड्याची जात विचारात घ्यावी लागते. पितळेच्या पातेल्याला वेळच्या वेळी कल्हई करून घेण्याचा जुना दंडक याच कारणासाठी होता, आणि ती कल्हई शुद्ध कथलाची आहे की शिसे मिसळलेली, हेही पाहावे लागे. हिंडालियम या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरते असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली दिला; तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या सामानात इकडून नेलेली अशी कढई असतेच, आणि आपल्या फडताळांत तर ती पिढीजात नांदते. माशाला चोळली जाणारी हळदही सर्वत्र निर्मळ नाही. तिचा पिवळेपणा खुलवण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा दुष्ट प्रकार बांगलादेशात उघडकीस आला, आणि पुढे पाटणा, गुवाहाटी, चेन्नई येथील बाजारांतल्या काही नमुन्यांतही तो आढळला. बांगलादेशाने मोहीम काढून, दंड करून, थोड्याच वर्षांत त्याला आळा घातला, हे सांगणे न्यायाचे होईल. कारण शिशावर अग्नीचा अंमल चालत नाही, पण सरकारचा चालतो.

आता प्रश्न उरतो तो निवडीचा. पाऱ्यापुरता सारा निर्णय माशाच्या जातीत आणि आकारात सामावलेला आहे. मांदेली, बोंबील, तारली, बांगडा, कोळंबी हे अल्पायुषी किंवा अन्नसाखळीच्या खालच्या पायऱ्यांवरचे जीव. त्यांच्यात पारा साठायला अवसर मिळत नाही. मोठी मोरी, मोठा कुपा, दांडगी सुरमई हे वरच्या पायऱ्यांवरचे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता आयोगाने, म्हणजे कोडेक्सने, २०१८ साली मिथिल-पाऱ्याच्या मर्यादा ठरवताना कुप्याला किलोमागे १.२ आणि शार्कला १.६ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली ती त्यांत पारा निरुपद्रवी असतो म्हणून नव्हे, तर त्या जातींत तो तेवढा असतोच म्हणून. सुरमईच्या बाबतीत एक गफलत वारंवार होते. अमेरिकी सरकारच्या वर्ज्य यादीत ‘किंग मॅकरेल’ आहे. आपल्याकडे सुरमईलाही तेच इंग्रजी नाव देतात, आणि मग तिकडचा आकडा इकडच्या माशावर चिकटवला जातो. तो अटलांटिक महासागरातला, आपल्या सुरमईच्या जवळच्या नात्यातला पण निराळा मासा आहे. आपली सुरमईही शिकारी आणि मोठी वाढणारी आहे, म्हणून दहा किलोच्या सुरमईपेक्षा दीड किलोची घरात आणणे शहाणपणाचे. पण परक्या माशाचा गुन्हा तिच्या नावावर नोंदू नये.

या संदर्भात बाळंतिणीच्या मोरीचा उल्लेख टाळता येत नाही. दूध वाढावे म्हणून लहान मोरीचे, म्हणजे मुशीचे, कालवण बाळंतिणीला देण्याची चाल कोकणात जुनी आहे. त्या चालीत ‘लहान’ या अटीचे पालन झाले तर पारा मोठ्या मोरीच्या मानाने कमी येतो, ही एक जमेची बाजू. तथापि खरी नाजूक वेळ बाळंतपणानंतरची नसून त्याआधीची असते. मिथिल-पारा वारेतून गर्भापर्यंत सहज पोहोचतो, गर्भाच्या रक्तात तो मातेच्या रक्ताहून अधिक प्रमाणात आढळतो, आणि मेंदूची जडणघडण त्याच महिन्यांत चाललेली असते. शरीरातला पारा निम्म्यावर यायला पन्नास ते सत्तर दिवस लागतात, तेव्हा दिवस गेल्याचे कळल्यावर पथ्य सुरू करणे हे उशिराचे शहाणपण होय. परंतु म्हणून मासेच बंद करणे याच्या इतके दुसरे अविचाराचे काम नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २०१० साली रोम येथे जमून लाभ-हानीचा ताळा मांडला, आणि गर्भवतीने मासे खाल्ल्याने बाळाच्या मेंदूला होणारा लाभ, पाऱ्यापासून होणाऱ्या तोट्याच्या तुलनेत, बहुतेक परिस्थितीत भारी ठरतो असाच निष्कर्ष काढला. आठवड्यातून दोनतीनदा बांगडा, तारली किंवा मांदेली : हे पथ्य स्वस्तही आहे आणि रुचकरही.

येथवरचे वाचून कोणी म्हणेल, तर मग सुज्ञ गृहिणीने बाजारात जाऊन नीट निवड करावी म्हणजे झाले. माझी फिर्याद नेमकी येथून सुरू होते. मासा नीट शिजवण्याची जबाबदारी तिच्यावर होतीच. आता समुद्राच्या शुद्धतेची जबाबदारीही तिच्याच टोपलीत टाकायची, हा न्याय नव्हे. मिनामाताच्या कोळ्यांनी मासे कसे शिजवले हा प्रश्न कोणीही शहाण्या माणसाने विचारला नाही. जपानच्या कुमामोतो प्रांतातील त्या उपसागरात चिस्सो कंपनीच्या अॅसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातून १९३२ पासून पारा सोडला जात होता. १ मे १९५६ रोजी तेथील मासे खाणाऱ्यांना जडलेल्या अज्ञात व्याधीची अधिकृत नोंद झाली. कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली मांजरावर प्रयोग करून कारण ओळखले आणि तो प्रयोग दाबून टाकण्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारे म्हणून एक यंत्र मोठ्या समारंभाने बसवले, ज्याने विरघळलेला पारा निघतच नव्हता. पारा सोडणे थांबले ते १९६८ साली, आणि तेही त्या उत्पादनपद्धतीची उपयुक्तता संपल्यावर.

आपल्याकडे उल्हास नदीच्या मुखाशी आणि ठाण्याच्या खाडीत कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांच्या काळात गाळात पारा साठत गेला, याचे दाखले राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवून ठेवले आहेत. पाऱ्याच्या विद्युतघटांची जागा पुढे नव्या पद्धतीने घेतली, ही समाधानाची गोष्ट. भारताने मिनामाता करारनाम्यावर २०१८ साली मोहोरही उमटवली. कायद्याचीही उणीव नाही : २०११ च्या नियमावलीत सर्व अन्नपदार्थांतील मिथिल-पाऱ्याला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅमची मर्यादा लिहिली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले त्यात पारा, शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांचे रकानेही आहेत. परंतु ते कोष्टक कच्च्या अन्नाचे आहे, देशभरच्या सरासरीचे आहे, आणि ते ज्या दप्तरात आहे तेथपर्यंत भाऊच्या धक्क्यावर पहाटे टोपली भरणारी कोळीण कधी पोहोचत नाही, तिच्याकडून मासे घेणारे गिऱ्हाईकही पोहोचत नाही.

याउलट युरोपात जाणाऱ्या माकुलाची कथा पाहावी. तेथे कॅडमियमची मर्यादा किलोमागे एक मिलिग्रॅम आहे, आणि तिच्यावर आकडा गेला तर खेप परत फिरते. म्हणून निर्यातीच्या मालाची प्रयोगशाळेत रुजवात होते, दाखला निघतो, नोंद राहते. म्हणजे यंत्रे आहेत, रसायनज्ञ आहेत, पद्धती ठरलेल्या आहेत. त्याच होडीतून उतरलेला उरलेला माल जेव्हा दादरच्या किंवा सावंतवाडीच्या मंडईत जातो तेव्हा तो काय घेऊन जातो हे गिऱ्हाइकाला कळण्याची कोणतीही सोय नाही. पाहुण्यांसाठी तांदूळ निवडायचे आणि घरच्यांना खड्यांसकट वाढायचे, हा शिरस्ता कोणत्याही घराला शोभणारा नाही.

मागणी माफक आहे. ससून डॉक, मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा मोठ्या बंदरांवर उतरणाऱ्या मुख्य जातींचे नमुने दर तिमाहीस घ्यावेत. प्रत्येक नमुन्याची जात आणि वजन दोन्ही लिहावीत, कारण वजनावाचून पाऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही. पारा कच्च्या मांसात मोजावा, आणि पोषणद्रव्ये मात्र तळलेल्या, वाफवलेल्या आणि कालवणातल्या माशात मोजावीत, कारण तेथे चुलीने फरक पडतो. आणि निकालाचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, लिलावाच्या जागी लावावा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारखी संस्था मुंबईतच असताना या कामासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. अशा तक्त्याने मच्छीमारांचा धंदा बुडेल अशी भीती मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारी व्यक्त करतील, आणि ती सर्वस्वी पोकळ नाही. मोठ्या मोरीला भाव कमी येईल हे खरे. पण मोघम वार्ता आली की गिऱ्हाईक मोरी आणि मांदेली असा भेद करीत नाही, ते मटणाच्या दुकानाकडे वळते, आणि ज्या मांदेलीत पारा नाममात्र आहे तिची टोपलीही संध्याकाळी भरलेलीच घरी जाते. आकडे जातवार आणि वजनवार टांगलेले असले तर निदान तिची टोपली तरी रिकामी होईल.